एका रुपयाची हकीकत

स्मरणिकेसाठी दरसाल मी आडत, हमाली, बारदान आणि बाजार समितीचे नियम यांवर चार शब्द लिहितो, आणि सभासद बंधू ते न वाचता पुढील पानावरील वधूवर-सूची उघडतात, हे मला पुरते ठाऊक आहे. यंदा संपादक मंडळींनी निक्षून सांगितले की, शेठजी, धान्य राहू द्या. तुमच्या त्या जुन्या नाण्यांविषयी लिहा, आणि पहिले नाणे कसे घेतले तेथून आरंभ करा. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. नाणकशास्त्र हा पंडितांचा विषय. परंतु पहिल्या नाण्याची हकीकत मात्र माझ्यावाचून दुसऱ्या कोणास सांगता येण्यासारखी नाही, म्हणून हे धाडस करीत आहे.

आमच्या पेढीवर दिवाळीच्या सायंकाळी वहीपूजनाच्या ताटात जो काळपट, जाड, कडी लावलेला रुपया आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल, तोच हा. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवून आल्यावर तो कापडातून काढावयाचा आणि पूजा आटोपली की पुन्हा कापडात बांधून ठेवावयाचा, हा गेल्या पंचेचाळीस वर्षांचा क्रम आहे. लोक विचारतात, घरात चांदीचे स्वच्छ, गोल, राणीच्या छापाचे रुपये असताना हाच का? त्याचे उत्तर पुढे येईल.

गोष्ट १९८० च्या जानेवारीतील. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचे घराणे मूळचे वऱ्हाडातले. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, नागपुराहून कचेऱ्या इकडे आल्या, आणि त्यांच्यामागून जी मराठी कुटुंबे आली त्यांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांस बाबूजी म्हणत असू. सरकारी नोकरांना ज्वारी आणि तूरडाळ लागणार, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. हनुमानगंजात त्यांनी घाऊक धान्याची लहानशी पेढी घातली. सीहोरकडचा शरबती गहू, विदिशेचा हरभरा आणि वऱ्हाडातून येणारी तूर, हा आमचा मुख्य व्यापार.

त्या वर्षी दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. १९७९ च्या पावसाने देशभर दगा दिला होता. खरीप गेले होते, रब्बीचीही आशा बेताचीच होती. दुसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील हंट नावाच्या भावांनी चांदी विकत घेऊन साठविण्याचा सपाटा लावला होता. वर्षापूर्वी जिचा भाव औंसास सहा डॉलरच्या आसपास होता, ती चांदी त्या जानेवारीत पन्नास डॉलरच्या घरात जाऊन पोहोचली. मार्च महिन्याच्या अखेरीस हा फुगा फुटला, ही गोष्ट निराळी. परंतु त्या दोन-तीन महिन्यांत त्याची झळ थेट भोपाळच्या चौकातील सराफ्यापर्यंत आली होती. ज्यांच्या घरी धान्य नव्हते, त्यांच्या अंगावर थोडी चांदी होती, आणि चांदीला कधी नव्हे तो भाव आला होता. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीच खेड्यापाड्यांतील माणसे फडक्यात तोडे, वाळे, गोठ बांधून पायऱ्यांवर येऊन बसत. मागच्या गल्लीत मुशी रात्रंदिवस तापलेल्या असत. शे-दीडशे वर्षांचे दागिने दुपारपर्यंत लगड होऊन जात.

मी चौकात वसुलीस गेलो होतो. एका सराफाकडे आमची काही जुनी बाकी होती; ती घेऊन त्याच्या गादीच्या कडेला बसलो. समोर एक वयस्क बाई बसली होती. तिने गळ्यातून रुपयांची माळ काढून ठेवली होती. इकडे तिला हमेल म्हणतात. अकरा-बारा रुपये, प्रत्येकास वरच्या काठावर चांदीची कडी डाखलेली, आणि सारे काळ्या गोफात ओवलेले. सराफाने गोफ कापला आणि रुपये काट्यात टाकले. राणीच्या छापाचे रुपये एकसारखे, पातळ, पूर्ण गोल होते. त्यांत एकच वेडावाकडा, जाडजूड होता. त्यावर चित्र नव्हते; फक्त दोन्ही अंगांस फारसी अक्षरांचे तुकडे. सराफाने तो नखाने बाजूस सारला आणि म्हणाला, “हा संस्थानी, याला घट जास्त धरावी लागेल.”

बाईने काही हुज्जत घातली नाही. तिने एवढेच विचारले की, एवढ्यात दोन पोती गहू येईल का? तो प्रश्न सराफाला होता, मला नव्हे. पण गव्हाचा व्यापारी तेथे मीच होतो. मी मान खाली घातली.

त्या रुपयाकडे माझे लक्ष का गेले, हे मला नीटसे सांगता येणार नाही. धान्याच्या व्यापाऱ्याला ढिगात एक दाणा निराळा दिसला की तो उचलून पाहण्याची खोड असते. मी तो उचलला, तळहातावर तोलला आणि सराफाला म्हटले, हा मुशीत टाकू नका, मला द्या. सराफ हसला. चांदीच्या वजनाने जो पैसा होईल तो घेऊन त्याने तो मला दिला. बत्तीस रुपये झाले. त्या दिवसांत तेवढ्यात वीस-पंचवीस किलो गहू येई. मी ते वसुलीच्या रकमेतून दिले. बाई पदराच्या गाठीत पैसे बांधून गर्दीत निघून गेली. चुंगीकडे गेली की बसच्या अड्ड्याकडे, हेही मी पाहिले नाही.

खरी कसोटी रात्रीची होती. बाबूजी रोजकीर्द स्वतः लिहीत. दिवे लागले, मुनीमजींनी आकडे वाचले, आणि शिल्लक बत्तीस रुपयांनी कमी आली. आमच्या पेढीवर चार आण्यांचा फरकही मिळेपर्यंत कोणी जेवावयास उठत नसे. आम्ही रात्रिभोजन करीत नाही, तेव्हा त्या दिवशी सर्वांचे जेवण आधीच झाले होते, हे माझे सुदैव. पण उठण्याची मुभा नव्हती. मी रुपया गादीवर ठेवला आणि खरे ते सांगितले.

बाबूजी रागावले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. त्यांनी रुपया उंबऱ्याच्या दगडावर टाकून वाजवून पाहिला. कडीमुळे आवाज बद्द आला. मग तो तराजूत घातला. तोळ्याला कमी भरला. मग लेखणी उचलून त्यांनी खर्चाच्या बाजूस लिहिले : ‘दिवाळीच्या पूजेकरिता रुपया नग एक, ३२’. दिवाळीला तेव्हा नऊ महिने अवकाश होता. शिल्लक जुळली. वही मिटताना ते म्हणाले, “पेढीचा पैसा आहे, पुढच्या वेळी विचारून घ्यावे. आणि माल घेताना आपण शेतकऱ्याचे गाव विचारतो ना? ती बाई कोणत्या गावची होती?”

मला सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी तो रुपया उन्हात नेला. मुनीमजी जुन्या भोपाळचे. त्यांचे शिक्षण संस्थानी अमदानीत उर्दू-फारसीत झाले होते, आणि हिशेब ते आमच्यासाठी नागरीत ठेवीत. त्यांनी भिंग लावून बराच वेळ नाणे फिरविले आणि एका अंगावरची अक्षरे बोटाने दाखविली. “हे ‘ज़र्ब’, म्हणजे ठोकले, पाडले. आणि हे पाहा, भैया, हे आपल्या गावाचे नाव आहे. भोपाळ.” दुसऱ्या अंगास सन होता, १२७ एवढे आकडे होते आणि शेवटचा आकडा काठाबाहेर गेलेला. जुन्या टांकसाळीत ठसा मोठा आणि चकती लहान असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग नेहमीच बाहेर राही. हिजरी १२७० ते १२७९, म्हणजे १८५३ ते १८६३ च्या दरम्यानचे नाणे. नवाब सिकंदर बेगम यांचा तो काळ. १८४४ पासून त्या अज्ञान मुलीच्या वतीने कारभार पाहत होत्या आणि १८६० साली स्वतः गादीच्या अधिकारी मानल्या गेल्या. १८५७ चे वर्ष त्याच दशकातले. ज्या चौकात मी तो रुपया घेतला, तेथून हाकेच्या अंतरावर मोती मशीद आहे. तीही याच बेगमसाहेबांची. मी जन्मापासून भोपाळात राहत होतो. पण या गावात एके काळी पैसा घडत असे, ही गोष्ट मला बावीस वर्षे कोणी सांगितली नव्हती.

मुनीमजींकडूनच मी ‘कलदार’ या शब्दाचा अर्थ शिकलो. आपले वाडवडील बोलताना ‘शंभर कलदार मोजले’ असे म्हणत. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. कंपनी सरकारने १८३५ साली सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला : वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. तेव्हापासून रुपया हे नुसते नाणे राहिले नाही, तर वजनही झाले. ८० रुपयांच्या भाराचा एक शेर, चाळीस शेरांचा मण. धान्याच्या व्यापाऱ्याला वजनाचा संशय आला की तो रुपये टाकून शेर तपासून पाही. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि काही वर्षांत शेर-मण बाजारातून उठले. आजच्या मुलांना हा हिशेब सांगितला तर ती तोंडाकडे पाहतात. परंतु बाबूजींनी रुपया आधी वाजविला आणि मग तोलला, त्यामागे ही सारी परंपरा होती, हे मला तेव्हा उमगले.

संस्थानी रुपया कलदाराहून हलका, म्हणून त्याला बट्टा लागे. भोपाळी, ग्वाल्हेरी, इंदुरी, नागपुरी, अशा प्रत्येक रुपयाचा बट्टा निराळा, आणि तोही रोज बदलणारा. गावोगाव सराफ, नाणावटी आणि पारख यांची पोटे त्यावर चालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोपाळ संस्थानाने कलदारच आपले चलन म्हणून स्वीकारले आणि येथील टांकसाळीचा रुपया बाजारातून गेला. तो गेला कोठे? काही मुशीत, काही जमिनीत, आणि काही बायकांच्या गळ्यात. चांगली चांदी बाजारात टिकत नाही. १९४० साली सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा केला. त्या प्रत्येक वेळी शहाण्यांनी जुना रुपया खर्चण्याचे थांबविले, आणि हमेली वाढत गेल्या.

पारख हा शब्द आला म्हणून एक विषयांतर करतो. आपल्या समाजात पारख, पारेख, नाणावटी ही आडनावे आजही आहेत. ती धारण करणारे बहुतेक जण आता कापड विकतात किंवा हिशेबनीस आहेत. परंतु नाण्यांची पारख या विषयावर आपल्या देशात जो जुना ग्रंथ उपलब्ध आहे, तो एका जैन श्रावकाने लिहिलेला आहे. ठक्कुर फेरू हे त्याचे नाव. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात तो दिल्लीच्या सरकारी चाकरीत होता आणि टांकसाळीच्या कामाचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता. १३१८ साली त्याने ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. त्यात दोनशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्या-चांदीचे प्रमाण आणि त्यांचा बदली भाव सांगितला आहे. हा ग्रंथ शतकानुशतके कोणास ठाऊक नव्हता. अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांना त्याची हस्तलिखित पोथी कलकत्त्यात सापडली. हे दोघेही पिढीजात व्यापारीच. एका जैन पारख्याने लिहावे आणि सहाशे वर्षांनी जैन व्यापाऱ्यांनीच ते शोधून काढावे, हे वाचून मला फार बरे वाटले. सभासदांनी हे नाव मुलांना अवश्य सांगावे.

असो. पहिल्या रुपयानंतर मला नाद लागला, हे कबूल केले पाहिजे. मंडीत माल घ्यावयास गेलो की मी सराफाच्या गल्लीतून एक फेरी मारीत असे. विदिशेस हरभऱ्यासाठी, बऱ्हाणपुरास तुरीसाठी, आणि वऱ्हाडात लग्नकार्यास गेलो की तेथेही. शिवराई मिळाली तेव्हा मला विशेष आनंद झाला, कारण तिच्यावरील ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे वाचावयास मुनीमजींची गरज पडली नाही. फसगतही झाली. एकदा रामदरबाराचे चित्र असलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे म्हणून विकले जाणारे एक नाणे मी बरीच रक्कम देऊन घेतले आणि देवघरात ठेवले. पुढे कळले की कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नव्हते. ती अलीकडच्या कारागिरांची करामत. पोत्यात सळई खुपसून वानगी काढल्याशिवाय मी कधी गहू घेतला नाही, आणि येथे मात्र वरचे चित्र पाहून हुरळलो. हा प्रकार अजून चालू आहे. त्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशा बाता मारणारे आपल्याही घरी येतील, सावध असावे.

चार वर्षांत मजजवळ शेवयांच्या एका डब्यात दोनशेच्या वर नाणी जमली होती. सौभाग्यवती म्हणे, शेवया कोठे ठेवू ते तरी सांगा.

१९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र भोपाळकरांना सांगावयास नको. २ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर डोळे चुरचुरू लागले, खोकल्याने मुले जागी झाली, रस्त्यावर धावणाऱ्यांचा गलका ऐकू आला. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. दोन मुले, आई-बाबूजी, ओल्या पदराने तोंड झाकलेली सौ., आणि मी. पेढीची किल्ली खिशात आहे की नाही हेही कोणी पाहिले नाही. चालत, धापा टाकत आम्ही तात्या टोपे नगरात एका नातलगाकडे पोहोचलो. आमच्या पेढीवर पोती वाहणारे दोन हमाल त्या रात्री गेले. त्यांपैकी एक माझ्या वयाचा होता आणि आमच्याकडे तो दहा वर्षे काम करीत होता. मुनीमजी वाचले, परंतु त्यांचे डोळे कायमचे अधू झाले.

पाचव्या दिवशी बाबूजी आणि मी घर पाहावयास आलो. गल्लीत शुकशुकाट होता. बाबूजी प्रथम हमालांच्या घरी गेले. मी किल्ली घेऊन पेढी उघडली, माळ्यावर चढलो आणि डबा काढून पाहिला. नाणी जशीच्या तशी होती. मी डबा मांडीवर घेऊन बसलो असतानाच बाबूजी आले. ते दारातच उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “त्या रात्री तुला हा डबा आठवलाही नाही. तेव्हा तो तुझा परिग्रह नव्हता. आज आल्याबरोबर तू आधी इकडे आलास.”

पर्युषणात तत्त्वार्थसूत्राचे वाचन आम्ही दरवर्षी ऐकतो. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तर वस्तूत गुंतलेले मन, हे त्यात सांगितले आहे. ते मी कित्येकदा ऐकले होते. पण ते माझ्याविषयी आहे असे त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते. व्यापाऱ्याला सर्वसंगपरित्याग शक्य नाही. म्हणूनच गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे : एवढी जमीन, एवढे धन, यापुढे नाही. पुढल्या भाद्रपदात, दशलक्षणातील आकिंचन्याच्या दिवशी, मी नाण्यांचे परिमाण घेतले. १०८ नग, एकही अधिक नाही. नवे एक यावयाचे असेल तर जुने एक जावयाचे.

खरे सांगतो, यातून माझा छंद सुधारला. पूर्वी मी गोळा करीत होतो. आता निवडावे लागे. प्रत्येक वेळी विचारावे लागे की, या नव्या नाण्यासाठी त्या जुन्यातले कोणते देऊ? त्यासाठी दोन्ही नीट वाचावी लागत. मुनीमजींना दिसत नव्हते. ते अंगठ्याने उठाव चाचपून अक्षर ओळखीत आणि माझ्या तळहातावर बोटाने ते गिरवून दाखवीत. अशा रीतीने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी फारसी लिपी शिकलो. आमच्या दुकानी दुपारच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकांना हा देखावा पाहून नवल वाटे. संग्रहातून बाहेर गेलेली नाणी मी शाळांना, नात्यातील होतकरू मुलांना आणि काही अभ्यासकांना दिली. एकही विकले नाही. ही बढाई नव्हे. विकले असते तर भावाकडे लक्ष गेले असते, आणि भाव पाहण्याचे काम मी दिवसभर पेढीवर करतोच.

एक गोष्ट मात्र मला माझ्या संग्रहात कधी ठेवता आली नाही, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. विदिशेच्या आणि एरणच्या परिसरात तांब्याची अगदी लहान नाणी सापडतात, डाळीच्या दाण्याहून थोडी मोठी. त्यांवर सिंह किंवा गरुड आणि खाली ब्राह्मी लिपीत ‘रामगुप्त’ हे नाव. विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्तम्’ या नाटकाचे जे तुकडे शिल्लक आहेत, त्यांत चंद्रगुप्त विक्रमादित्याचा थोरला भाऊ म्हणून रामगुप्त येतो. पण शिलालेखांतील वंशावळीत त्याचे नाव नाही. हा खरा सम्राट, की कवीची कल्पना, की कोणी स्थानिक सरदार? परमेश्वरीलाल गुप्त, कृष्णदत्त वाजपेयी अशा विद्वानांनी ही इवलीशी नाणी पुढे करून त्याची बाजू मांडली. इतरांनी ती नाकारली. मग १९६९ साली विदिशेजवळ दुर्जनपूर येथे जमीन सपाट करताना तीर्थंकरांच्या तीन प्रतिमा निघाल्या. चंद्रप्रभ आणि पुष्पदंत ही नावे त्यांवरील लेखांत आहेत, आणि त्या करविणाऱ्याचे नाव आहे महाराजाधिराज रामगुप्त. ज्याला इतिहासाच्या वंशावळीने गाळले, त्याची साक्ष आपल्या तीर्थंकरांच्या पादपीठांनी आणि दमडीएवढ्या नाण्यांनी दिली. विदिशेस हरभरा घ्यावयास जाणारे आपले कितीतरी सभासद आहेत. त्यांनी सौदा आटोपल्यावर तासभर काढून तेथील संग्रहालयात त्या प्रतिमा अवश्य पाहाव्यात.

मी ते तांब्याचे नाणे का घेतले नाही? बेतवेच्या पात्रात पावसाळ्यानंतर मुले नाणी वेचतात आणि दोन पैशांना विकतात. मलाही देऊ केली होती. परंतु जमिनीतून निघालेल्या व दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास दिली पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. धान्याच्या परवान्यासाठी आयुष्यभर कायद्याची कलमे पाठ करणाऱ्याने येथे डोळेझाक करावी, हे मला बरे वाटले नाही. आणि दुसरे असे की, नाणे कोठे, कशाबरोबर सापडले हे हरवले, म्हणजे त्याची अर्धी साक्ष गेली.

सभासदांच्या घरी जुनी नाणी असतातच, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. चिंच, राख, लिंबू किंवा सोनाराचे तेजाब लावून नाणे कधीही उजळू नये. तो काळेपणा त्याचे कवच आहे. उजळलेल्या नाण्याची अक्षरे झिजतात आणि अभ्यासक ते हातात घेऊन मान हलवितो. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. काही वर्षांनी ती चिकटते आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. साध्या जाड कागदाचे पाकीट उत्तम, आणि त्यावर कोणाकडून, केव्हा, कोणत्या गावी मिळाले हे लिहावे. गजपंथाच्या यात्रेस जाल तेव्हा नाशिकजवळ अंजनेरीस नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, ती पाहावी. अंजनेरीस जुन्या जैन मंदिरांचे अवशेषही आहेत, म्हणजे वाट वाकडी केल्याचे दुःख होणार नाही. आपल्या मुलांना या छंदाची गोडी लावावयाची असेल तर सराफ्यात जाण्याची गरज नाही. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त सरकारने २००१ साली पाच रुपयांचे नाणे काढले होते. ते अजूनही कधी कधी सुट्या पैशांत हाती येते. माझ्या नातीने दोन शोधून काढली. २५५० व्या निर्वाण महोत्सवाचे शंभर रुपयांचे नाणे २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत प्रकाशित झाले. ते मात्र मागवून घ्यावे लागते.

आता पहिल्या रुपयाकडे येतो. बाबूजी १९९१ साली गेले, मुनीमजी त्यांच्या आधी दोन वर्षे. माझ्या १०८ नगांतून आजवर दोनशेहून अधिक नाणी आली आणि गेली. हा एक रुपया कधी पाळीत आला नाही. नियमाप्रमाणे तो यावयास हवा होता. मी दरवेळी सबब सांगितली की, तो संग्रहातला नव्हेच. बाबूजींनी तो वहीत पूजेखाती लिहिला आहे. ही सबब आहे हे मला कळते. एका जाणकाराने तो पाहून सांगितले की, नाणे चांगले आहे. फक्त ती कडी कोणा कसबी सोनाराकडून काढवून घ्या, म्हणजे त्याची किंमत तिपटीने वाढेल. कडीचा डाख अक्षरांवर बसला आहे, आणि सनाचा हरवलेला आकडा कदाचित त्याखालीच असेल. मी ती काढू दिली नाही.

नाण्यांची मी एक वही ठेवली आहे. रकाने धान्याच्या आवक-वहीसारखेच आहेत : क्रमांक, वजन, धातू, टांकसाळ, सन, कोणाकडून, गाव. एकूण नोंदी आता सव्वातीनशेच्या पुढे गेल्या आहेत, आणि १९८० नंतर घेतलेल्या प्रत्येक नाण्यापुढे गाव लिहिलेले आहे. पहिल्या ओळीत क्रमांक एक, भोपाळी रुपया, कडीसह. त्यापुढे ‘एका बाईकडून’ असे मुनीमजींच्या हातचे अक्षर आहे. त्यानंतरचा रकाना कोरा आहे.